थोरल्याचे नऊशे प्राण

आमच्या घरात ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा होता. शाळेत असताना मी एकदा ‘अंदाजे पाचला येते’ म्हणाले, तर बाबांनी मला दारातच थांबवून विचारलं होतं, “पाचाच्या आधी की नंतर? आणि किती?” बाबांचं काम वजनकाटे तपासायचं. दुकानातले काटे, गोदामातले काटे, दवाखान्यात तान्ही बाळं तोलतात ते काटे. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या काट्यांना खरं बोलायला लावलं. पुढे माझ्या थोरल्या भावाला त्याच खात्यात नोकरी लागली आणि घरात एकाचे दोन झाले.

दादा तर बाबांच्या वरताण. कामाची पितळी वजनं तो उघड्या हाताने उचलत नाही, बोटांचं तेल लागलं तरी वजन बदलतं म्हणतो. पांढरे सुती हातमोजे घालून, चिमट्याने एकेक वजन पेटीतल्या मखमलीतून बाहेर काढतो. घरी चहाची पूडसुद्धा तोलून. “मला पसंत करताना काट्यावर उभं केलं नाही, हेच नशीब,” असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिच्याइतकं सोशिक माणूस मी पाहिलेलं नाही. तिच्या जागी मी असते तर महिन्याभरात ती पेटी भंगारात घातली असती.

एवढ्या सरळ माणसाला नाद एकच, फाश्यांच्या खेळाचा. हा पटावरचा खेळ नव्हे, गोष्टीतला. दर रविवारी दुपारी तीन वाजता दादाच्या बैठकीच्या खोलीत आम्ही चौघं टेबलाभोवती बसायचो. दादा गोष्ट सांगायचा, बाकीचे तिघं गोष्टीतली माणसं व्हायचो, आणि काही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं, छोटा पडला तर फजिती. दिवसभर लोकांना बरं करायची औषधं देणारी वहिनी खेळात कुऱ्हाड घेऊन डोकी फोडायची. शेजारचा सुतार जादूगार असायचा. त्याला सगळे रंधा म्हणतात, कारण बोलायला लागला की समोरच्याची सालपटं काढतो. मी शाळेत गणित शिकवते आणि खेळात धनुष्य चालवते. सहा वर्षं हे चाललं होतं. हसायचं त्याने हसावं.

सहा वर्षांत पुस्तकातले सगळे राक्षस आम्ही मारून संपवले. तेव्हा दादाने जाहीर केलं की आता तो स्वतःचा एक रचणार, आणि राक्षस नाही, देव. ड्रॅगनच, पण देव झालेला. जगाच्या आधीपासून एका डोंगरात बसून खरंखोटं तोलणारा. त्याचं नाव ठेवलं थोरला.

“देवाला आकडे द्यायचे नसतात,” वहिनी म्हणाली.

“आकडा नाही ती गोष्ट खोटी,” दादा म्हणाला.

“आणि आकडा आहे त्याला मारता येतं,” रंधा हात चोळत म्हणाला. “द्या, द्या. भरपूर द्या.”

दुसऱ्या कुणी असे आकडे मनाने लिहिले असते. दादा मनाने काही लिहीत नाही. थोरल्याचे पंख किती लांब, हे ठरवायला तो टेप घेऊन धान्याच्या गोदामात गेला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजून आला. एक्केचाळीस मीटर. श्वासाची धग पावाच्या भट्टीतून आणली. वजन भुईकाट्यावरच्या भरल्या ट्रकचं. थोरल्याच्या पत्रकावर संयम या रकान्यात सत्तेचाळीस लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, थोरल्याबद्दल तो बोलत असताना वहिनी एकही शब्द न बोलता इतकी मिनिटं ऐकत राहिली होती. हे ऐकून रंधा खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

शक्ती एकच होती, पण जबर. थोरल्यासमोर जो खोटं बोलेल तो जड होत जाईल, एका खोट्याला एक किलो. आणि खोटही एकच ठेवली होती. घशाखालचा एक खवला नाही. धनुष्य चालवणाऱ्याला वीस पडले तर बाण नेमका तिथे लागणार आणि थोरल्याचे प्राण एका फटक्यात शून्य. “कुठलंही यंत्र बिनचूक नसतं,” दादा म्हणाला. “थोडी चूक प्रत्येकाला माफ असते. देवालाही असायला हवी.”

राहिला प्राणांचा रकाना. लागलेल्या प्रत्येक वाराला त्यातून आकडा उतरणार, शून्यावर आला की थोरला मेला. इतक्या मोठ्या देवात जीव किती असावा, हे मोजणार कशावर? दोन रविवार पत्रक तसंच अडून राहिलं. तिसऱ्या रविवारी आम्ही बसलो तेव्हा आकडा लिहिलेला होता, एक हजार अडतीस.

“हा कुठून आणला?” मी विचारलं.

दादाने आतल्या खोलीकडे मान हलवली. तिथे बाबा होते. वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हापासून खाटेवर. डोकं लख्ख होतं, अंग साथ देत नव्हतं. दादा रोज त्यांच्यापाशी बसायचा, आणि हा नुसता कसा बसेल? घड्याळ लावून त्याने त्यांचे एका तासाचे श्वास मोजले होते.

वहिनीच्या हातातला कप खाली आला. “माणसाचे श्वास मोजू नयेत हो,” ती म्हणाली.

“तुझ्या दुकानात नाडी मोजतातच की.”

मला तेव्हा ते गोड वाटलं होतं, खरंच सांगते.

त्या रविवारी आम्ही थोरल्याच्या डोंगरात शिरलो. वहिनीची कुऱ्हाड दोनदा लागली, रंध्याची वीज एकदा. बावन्न प्राण गेले. दादाने पेन्सिलने लिहिलं, नऊशे शहाऐंशी. नियम असा होता की दर बैठकीआधी आकड्याची पुन्हा तपासणी व्हायची. काटा कितीही चांगला असला तरी वापरण्याआधी तपासायचा, हे दादाच्या हाडात मुरलेलं. म्हणून पुढच्या रविवारी दुपारी दोन ते तीन तो पुन्हा बाबांच्या उशाशी बसला. बाहेर आला तेव्हा जरा गोंधळलेला होता.

“नऊशे शहाऐंशी भरले,” तो म्हणाला. “एक कमी नाही, एक जास्त नाही.”

“कावळा बसला आणि फांदी मोडली,” मी म्हणाले. योगायोग कसे घडतात हे शिकवण्याचा मला पगार मिळतो.

त्या दिवशी फासे आमच्यावर खूश होते. शहाऐंशी प्राण उतरवले. राहिले नऊशे. त्यानंतरच्या रविवारी मी यायच्या आतच दादाची मोजणी झाली होती. किती भरले, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तिथून पुढे आमचा एकही वार लागेना. रंध्याला अठरा पडले, दादा म्हणाला, खवल्यावरून घसरली वीज. वहिनीला सतरा पडले, दादा म्हणाला, पंख मध्ये आला. कधी धूर, कधी धुकं. तो पत्रक पुठ्ठ्याच्या आडोशाला ठेवायचा, त्यामुळे खरंखोटं कळायला मार्ग नव्हता, आणि दादावर संशय घ्यायचा म्हणजे सूर्य उगवला का हे विचारण्यासारखं. रंधा कुरकुरला, “देव केलाय की दगड?” एवढंच. थोरला नऊशेवर बसून राहिला, पाच रविवार.

त्या पाच आठवड्यांत घरात दोन गोष्टी झाल्या. एक तर दादाचं अंग सुटलं. जेवत निम्मंच होता, चेहरा ओढलेला, पण पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं आणि जिन्याच्या पायऱ्या त्याच्या पायाखाली वाजायला लागल्या.

दुसरी वहिनीने मला सांगितली, स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. “बाबांची नखं मी महिन्यापूर्वी कापली होती. आज परत कापायला बसले तर कापायला काही नाही. दाढीही नाही वाढलेली. दोन घास खातात म्हणून खातात. रविवारी हे त्यांना खुर्चीसकट काट्यावर घेतात, दर वेळी एक्कावन्न किलो तीनशे चाळीस. ग्रॅमचा फरक नाही.”

“म्हणजे तब्येत स्थिर आहे,” मी म्हणाले.

“डॉक्टरही तेच म्हणाले. पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.”

मी हसून वेळ मारून नेली. घरी जाताना मात्र मी स्वतःच्या नखांकडे बघत गेले.

पाचव्या रविवारची गोष्ट. माझी पाळी आली. मी फासा टाकला, तो टेबलाच्या कडेपर्यंत गरगरत गेला आणि थांबला. वीस. सहा वर्षांत मला तोपर्यंत चारदाच वीस पडले असतील. रंधा उभाच राहिला. वहिनीने टेबलावर थाप मारली.

दादा फाश्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “वारा आला. बाण भरकटला.”

त्याच क्षणी त्याच्या खालची खुर्ची करकरली, कुणीतरी मांडीवर येऊन बसावं तशी.

“वीस पडलेत, दादा,” रंधा सावकाश म्हणाला. “नियम तुमचा. पत्रक तुमचं. आमचं लाकूड तिरकं निघालं तर तुम्ही काटकोनाचा गुण्या लावून दाखवता. आता हे काय चाललंय?”

दादाचं तोंड पांढरं पडलं होतं. मला राग आला. माझे वीस होते ते. मी हात घालून पुठ्ठा बाजूला केला. पत्रकाशेजारी त्याची तपासणीची वही होती, तारखांसकट. पहिली ओळ एक हजार अडतीस. मग नऊशे शहाऐंशी. मग नऊशे, नऊशे, नऊशे, खाली ओळीने तेच. समोरच्या पानावर त्याचं स्वतःचं वजन, दर रविवारचं. शेवटच्या नोंदीपर्यंत दहा किलो वाढ.

“दहा वेळा खोटं बोललो,” दादा म्हणाला. “आत्ताचं धरून अकरा. तुमचे वार लागत होते. सगळे लागत होते. मी उतरवले नाहीत.”

“का?”

“उतरवले की बाबांचे उतरतात.”

रंधा हळूच खाली बसला. एरवी त्याने या वाक्याची सालपटं काढली असती. मी घड्याळ काढलं आणि तडक आतल्या खोलीत गेले.

बाबा जागे होते, छताकडे बघत. मी घड्याळ त्यांना दिसणार नाही असं धरलं. श्वास. चार सेकंद. श्वास. चार सेकंद. माणसाचा श्वास असा नसतो. तो अडखळतो, लांबतो, मध्येच उसासा टाकतो. हा नळाच्या थेंबासारखा पडत होता. मी त्यांना मुद्दाम हसवलं, बाबा हसले, आणि हसतानाही चार सेकंदांनी छाती वर आली. मी वर्गात मुलांना सांगते की घाबरून गणित सुटत नाही. मी घाबरले होते.

“काय पडलं?” बाबांनी विचारलं.

“कशात?”

“फासा वाजला. काय पडलं?”

“वीस.”

“वाटलंच.” त्यांनी कष्टाने हात उचलून हनुवटीखाली बोट ठेवलं. “इथं गार लागलं. म्हटलं, झालं, सुटलो. मग कुणीतरी काट्यावर बोट ठेवलं.”

त्यांना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. घशाखालच्या खवल्याबद्दल तर नाहीच. माझ्या मागे दादा दारात उभा होता, त्याने ऐकलं.

“ये इकडे,” बाबा त्याला म्हणाले. “तो कागद घेऊन ये.”

दादाने पत्रक आणलं. बाबांनी ते जवळ धरून सगळं वाचलं, पंख, धग, वजन. संयमाच्या रकान्यापाशी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. प्राणांपाशी थांबले. “हे माझे?”

“हो.”

“ऑफिसात काचेखाली मूळ वजन असतं, ते कामाला काढतो का आपण?”

“नाही.”

“मग?”

“त्याची नक्कल काढायची. नक्कल झिजली तरी मूळ शाबूत राहतं.” शाळेतल्या मुलासारखं उत्तर देत होता, पन्नाशीचा माणूस. “मी मूळच कामाला काढलं, बाबा. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मग आकडा धरून ठेवला. खाली जाऊ दिला नाही.”

“पाच आठवडे झोप नाही रे मला,” बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. “भूक नाही, तहान नाही, दुखत पण नाही. खाटेवर मी आहे की खाटच आहे, कळत नाही. जागेवर खिळलेला काटा चांगला असतो का?”

“नसतो.”

“काय करतो आपण त्याचं?”

“वापरातून काढतो.”

“मग आज काय पडलंय ते लिही.”

दादा रडायला लागला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. “पुन्हा टाकू दे. एकदाच. एकोणीस बाजू आहेत दुसऱ्या.”

“पडलेला फासा पुन्हा टाकत नाहीत. काट्यावर आलं ते लिहायचं.”

“शून्य लिहिलं तर तुम्ही जाल, बाबा.”

“जाईन की. मी काय पितळेचा आहे?”

वहिनी खाटेच्या कडेला येऊन बसली होती. बाबांचा हात हातात घेऊन ती त्यांच्या नखांवरून अंगठा फिरवत होती. “लिहा,” ती नवऱ्याला म्हणाली. सत्तेचाळीस मिनिटं गप्प बसणारी माझी वहिनी. “मी रोज बघते त्यांना. लिहा तुम्ही.”

मला मात्र त्याने लिहू नये असं वाटत होतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू? बाण माझा होता, वीस माझे होते, आणि ती पेन्सिल त्याच्या हातातून हिसकावून मोडावी, असं माझ्या हातांना वाटत होतं. खोटं तर खोटं, बाप समोर आहे ना. दादाने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द जरी बोलले असते तर तो थांबला असता. मी बाबांकडे बघितलं. ते वाट बघत होते, आणि किती थकले होते ते मला पहिल्यांदाच दिसलं. मी बोलले नाही.

दादाने खिशातून हातमोजे काढून घातले. का, ते त्यालाच ठाऊक. नऊशे खोडलं आणि त्यापुढे शून्य लिहिलं, नीट, गोल.

श्वास थांबला. मी मोजत होते. चार. पाच. सहा. दारात रंधा उभा होता, त्याचा हात तोंडावर. सात. आठ. नऊ. दादाच्या हातातून पत्रक खाली पडलं.

मग बाबा खोकले. छाती भरून, अस्सल खोकला. श्वास आत गेला, अडकला, दोन छोटे आले, एक लांब, मग एक उसासा. कशाचा कशाला मेळ नाही. थोरला संपला होता आणि बाबा त्याच्या आकड्यातून सुटले होते. “अग्गं, काय पाठ दुखतेय,” बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने घोरायला लागले, पूर्वी भिंतीपलीकडे ऐकू जायचं तसं. दादाचा हात सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. वहिनीने त्यावर आपला हात ठेवला.

बाबा त्यानंतर नऊ दिवस होते. चांगले नव्हते. पाठ दुखायची, भूक लागायची, मध्येच चिडायचे, चहा गार झाला म्हणून ओरडायचे. वहिनीने सातव्या दिवशी त्यांची नखं कापली आणि ती कागदात घेऊन मला दाखवायला बाहेर आली, जणू लेकराचा पहिला दात पडला होता. दादा रोज उशाशी बसायचा, घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवून. पेटी, वही, काटा, सगळं कपाटात होतं. जिन्याच्या पायऱ्या आता वाजत नव्हत्या. त्याने स्वतःचं वजन मात्र पुन्हा केलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा बाबा गेलेले होते. दादा खुर्चीतच झोपला होता, हात त्यांच्या हातात.

डॉक्टर आले, तपासलं, कागद काढले. “मृत्यूची वेळ?” त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणी घड्याळ बघितलेलंच नव्हतं. डॉक्टर पेन धरून थांबले. दादा बराच वेळ बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“अंदाजे सात,” तो म्हणाला.